"याले १५१ नं भाग जाते ना!" : ३२१५०३१७५१ या संख्येचं प्रकरण

वाचायची तर तीन अब्ज एकवीस कोटी पन्नास लाख एकतीस हजार सातशे एक्कावन्न. दहा आकडी आहे, पण ३ ने सुरू होते, म्हणून कुणाचा मोबाइल नंबर असण्याची भीती नाही. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, कूलरचा घरघराट चालू असताना, ही संख्या माझ्या घरी आली ती एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमधून. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. दर रविवारी चार-पाच मुलं माझ्याकडे गणिताच्या गप्पांना येतात, त्यांच्यातला एक. त्या दिवशी मात्र रविवार नव्हता आणि चेहराही गप्पांचा नव्हता.

"सर, चाळीसपैकी एकोणचाळीस टेस्ट पास होऊन राहिल्या. एकच फेल. काहून ते समजूनच नाही राहिलं."

त्याने एक प्रोग्राम लिहिला होता आणि त्याला आम्ही सगळे 'कुंडली' म्हणायचो. संख्या टाकायची, की तो तिची पत्रिका मांडतो: मूळ की संयुक्त, मूळ अवयव कोणते, विभाजक किती, संख्या स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा कमी पडते की जास्त होते. नागपूरच्या जीपीओचा पिनकोड ४४०००१ टाकला की लगेच सांगायचा, ३ × ३ × ४८८८९, सहा विभाजक. त्या ४८८८९ चं काय, तर तो मूळ. आम्ही हे हातानेही पडताळलं होतं. २११ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं, थोडं कंटाळवाणं आहे पण होतं.

हाच प्रोग्राम त्याने एका ऑनलाइन स्पर्धेत चढवला. स्पर्धा संपल्यावर नापास झालेली टेस्ट दिसली. आत एकच संख्या होती, ३२१५०३१७५१. कुंडलीचं उत्तर: मूळ संख्या, विभाजक दोन. अपेक्षित उत्तर: विभाजक आठ.

पहिलं निदान

त्याचा पहिला संशय मर्यादेवर होता, आणि तो रास्तच म्हणायला हवा. साध्या ३२ बिटांच्या पूर्णांकात २१४७४८३६४७ च्या पुढे काही मावत नाही, आणि आपली संख्या त्याच्या पलीकडची. त्यातून प्रोग्राममध्ये संख्येच्या आसपासच्या बाक्यांचा वर्ग करावा लागतो. या संख्येचा वर्ग एकावर एकोणीस शून्यांच्या थोडा पुढे जातो. चिन्हासह ६४ बिटांची मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७, म्हणजे तिथेही तो मावत नाही. बिनचिन्हाच्या ६४ बिटांत जवळजवळ दुप्पट जागा असते, तिथे मावतो. याने बिनचिन्हाचाच प्रकार वापरला होता. तरी खात्री हवी म्हणून सगळा प्रोग्राम पायथॉनमध्ये परत लिहिला, कारण तिथे पूर्णांकाला अशी मर्यादाच नसते.

पायथॉननेही तेच सांगितलं. मूळ.

दुसरा संशय, स्पर्धेचंच उत्तर चुकलं असेल. असंही होतं कधी कधी. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला तेव्हा याच मुक्कामावर होता.

मी काय केलं ते प्रामाणिकपणे सांगतो. प्रोग्राम वाचला, त्यातले चार आधार (म्हणजे ज्या आकड्यांना साक्षीदार करून तो संख्या मूळ आहे का ते तपासत होता) पाहिले, २, ३, ५ आणि ७, आणि म्हणालो, "आणखी दोन आधार टाकून बघ." घाईत दिलेला सल्ला होता. त्याने तिथेच ६ आणि १० टाकले. उत्तर बदललं नाही. आता सहा साक्षीदार म्हणत होते की ही संख्या मूळ आहे, आणि माझाही विश्वास स्पर्धेवरून उडायला लागला.

कॅलेंडरचं मागचं पान

तो घरी गेला. त्याचे आबाजी कोषागारातून निवृत्त झालेले. आयुष्यभर आकड्यांच्या बेरजा तपासल्या, त्यामुळे आकडा दिसला की हात शिवशिवतो. नातवाच्या तोंडून तीन दिवस तीच संख्या ऐकून त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि भागाकार सुरू केले. २ ने नाही, ३ ने नाही (आकड्यांची बेरीज २८ येते), ५ ने नाही, ७ ने नाही, ११ ने नाही. असं करत करत पस्तीस मूळ संख्या संपल्या. छत्तिसावी मूळ संख्या १५१.

रात्री साडेनऊला मला फोन आला. मागून आबाजींचा आवाज येत होता: "कायचा प्राइम बे! याले १५१ नं भाग जाते ना!"

उत्तर आलं २१२९१६०१. आबाजी तिथे थांबले नाहीत. १५१ पासून पुढे परत भागत निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ७५१ वर पोचले. मध्ये नव्वदहून जास्त भागाकार झाले होते. उरले २८३५१. त्याला आता भागायची गरजच नव्हती, कारण त्याचं वर्गमूळ १६९ च्या आत आहे आणि तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या आधीच फेल गेल्या होत्या. म्हणून २८३५१ मूळ. तर

३२१५०३१७५१ = १५१ × ७५१ × २८३५१

तिन्ही अवयव ५१ ने संपतात, हे पान पाहताक्षणी डोळ्यात भरलं. आणखी एक गंमत मला नंतर दिसली. संख्येचे शेवटचे तीन आकडे ७५१ आहेत. ते बाजूला काढले तर उरतं ३२१५०३१, आणि तो ७५१ × ४२८१ आहे. म्हणजे ७५१ हा अवयव संख्येच्या शेपटीतच बसला होता! कारणही सरळ आहे: १५१ आणि २८३५१ चा गुणाकार ४२८१००१, शेवटी ००१. पण हे आधी सुचलं असतं असं म्हणणं लबाडीचं होईल.

साक्षीदार खोटं का बोलले

आता खरं प्रकरण. पेन्सिलीने छत्तिसाव्या भागाकाराला तुटलेली संख्या प्रोग्रामला का तुटेना?

कारण प्रोग्राम भागतच नव्हता. तो मिलर-राबिन चाचणी वापरत होता (मिलर १९७६, राबिन १९८०). ही चाचणी अवयव शोधत नाही, संख्येची उलटतपासणी घेते. संख्येतून १ वजा करायचा, आलेल्या सम संख्येतून २ चे जितके अवयव निघतील तितके काढायचे. इथे ३२१५०३१७५० चे २ ने भागून १६०७५१५८७५ होतात, आणि ते विषम, म्हणून एकदाच. मग एक आधार घ्यायचा, समजा २. त्याचा १६०७५१५८७५ वा घात करून मूळच्या संख्येने भागायचं. संख्या खरोखर मूळ असेल तर बाकी १ किंवा उणे १ (म्हणजे संख्येपेक्षा एकने कमी) येतेच. संयुक्त असेल तर बहुतेक वेळा भलतंच काहीतरी येतं आणि ती पकडली जाते. मधला 'बहुतेक वेळा' लक्षात ठेवा.

आधी त्याहून साध्या फर्माच्या कसोटीबद्दल. तिच्यात संख्येतून एक वजा करून आधाराचा तेवढा घात करतात आणि बाकी १ येते का पाहतात. काही संयुक्त संख्या ही कसोटी सरसकट फसवतात. त्यांना कार्मायकल संख्या म्हणतात, सर्वांत लहान ५६१ = ३ × ११ × १७. कोर्सेल्टने १८९९ मध्येच त्यांची ओळख लिहून ठेवली होती: संख्येत कुठलाही मूळ अवयव दोनदा नको, आणि प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा केल्यावर जे उरतं त्याने 'संख्या वजा एक'ला पूर्ण भाग जायला हवा. आपली संख्या पाहा. ३२१५०३१७५० ला १५० ने भागलं तर २१४३३५४५, ७५० ने भागलं तर ४२८६७०९, २८३५० ने भागलं तर ११३४०५. तिन्हींनी पूर्ण भाग जातो. म्हणजे ही कार्मायकल संख्या आहे. फर्माच्या कसोटीवर ही तिच्या तीन अवयवांपैकी एकही ज्यात नाही अशा प्रत्येक आधाराला फसवते.

मिलर-राबिन त्याहून कडक आहे, तिला असं सरसकट फसवता येत नाही. मग चारही आधार कसे फसले? यात मला सगळ्यात मजा आली, म्हणून जरा थांबतो.

१५१ हा एकटा मूळ अवयव घ्या. १५१ च्या पटीत नसलेल्या कुठल्याही आधाराचा ७५ वा घात (१५० चा निम्मा) १५१ ने भागला तर बाकी १ किंवा उणे १ येते. याला आपण १५१ चा 'कौल' म्हणू. आपला मोठा घात १६०७५१५८७५ हा ७५ च्या २१४३३५४५ पट आहे, आणि पट विषम असल्यामुळे कौल बदलत नाही. ७५१ चंही तसंच (निम्मा ३७५), २८३५१ चंही (निम्मा १४१७५). म्हणजे चाचणी प्रत्यक्षात एवढंच विचारते: या आधाराबद्दल तिघांचा कौल एक आहे का? तिघंही 'अधिक' म्हणाले तर बाकी १, तिघंही 'उणे' म्हणाले तर बाकी उणे १, दोन्ही वेळा संख्या पास. एकाने जरी वेगळा कौल दिला, की संख्या पकडली गेली.

आता कौल कशावर ठरतो ते गाउसच्या काळापासून माहीत आहे. आधार २ साठी मूळ संख्येला ८ ने भागून बाकी पाहायची. १५१, ७५१, २८३५१, तिघांची बाकी ७, तिघांचा कौल अधिक. आधार ३ साठी आपल्या तिघांच्या बाबतीत ३ ने भागल्यावरची बाकी पुरते. तिघांची बाकी १, तिघांचा कौल उणे. आधार ५ ला शेवटचा आकडा पुरतो. तिघांचा १, कौल अधिक. आधार ७ ला बाक्या येतात ४, २ आणि १. वेगवेगळ्या दिसतात, पण ७ च्या हिशेबात या तिन्ही पूर्ण वर्गांच्या बाक्या आहेत (२ चा वर्ग ४, ३ चा वर्ग ९ म्हणजे बाकी २, १ चा वर्ग १), म्हणून तिघांचा कौल परत एकच, उणे.

चारही साक्षीदार पढवलेले नव्हते. फक्त ३, ५, ७ आणि ८ च्या दृष्टीने या तीन मूळ संख्या एकाच मुशीतल्या निघाल्या.

माझा सल्ला का वाया गेला हेही इथेच कळतं. ६ चा कौल म्हणजे २ आणि ३ च्या कौलांचा गुणाकार. २ आणि ३ वर तिघं एकमत, म्हणजे ६ वरही एकमत. १० चंही तेच. ४, ८, ९, १४, १५, २१, ३५, २१०, ज्या कुठल्या आधाराचे मूळ अवयव फक्त २, ३, ५, ७ आहेत तो या संख्येपुढे कुचकामी. तो मुलगा रात्रभर असे आधार वाढवत बसला असता तरी उत्तर 'मूळ'च आलं असतं.

११ टाकला की लगेच फुटतं. १५१ ला ११ ने भागून बाकी ८, ७५१ ची ३, २८३५१ ची ४. ११ च्या हिशेबात ३ आणि ४ वर्गांच्या बाक्या, ८ नाही. १५१ चा कौल वेगळा पडतो. ६१ हा आधार घेतला तरीही एकटा १५१ च फुटतो. आबाजींच्या हाती पहिला तोच लागला होता, हा योगायोग, पण त्यांना तो फार आवडला.

हरवलेली अट

इतकं झाल्यावर आम्ही प्रोग्रामच्या त्या ओळीकडे परत गेलो. चार आधारांच्या वर इंग्रजीत एक टिप्पणी होती. तिचा अर्थ, '३२ बिटांसाठी २, ३, ५, ७ पुरेत'. सीनियरच्या वहीतून आलेली, सीनियरला कुठून तरी आलेली. तिच्यात चूक अगदी थोडी आहे, म्हणून ती इतके दिवस जगली.

१९८० मध्ये पोमेरन्स, सेल्फ्रिज आणि वॅगस्टाफ यांनी २५ अब्जापर्यंतच्या अशा फसव्या संख्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या सगळ्या पट्ट्यात २, ३, ५, ७ या चारही आधारांना मिलर-राबिनमध्ये चकवणारी संयुक्त संख्या एकच सापडली. तीच ही, ३२१५०३१७५१. म्हणजे खरा नियम असा की हे चार आधार या संख्येच्या आत बिनधोक आहेत. ३२ बिटांत मात्र ४२९४९६७२९५ पर्यंत संख्या मावतात. सव्वाचारशे कोटींहून जास्त संख्यांत तो नियम फक्त एकाच ठिकाणी खोटा ठरतो. हातोहात उतरवताना '३२१५०३१७५१ च्या आत' याचं कुणीतरी '३२ बिटांसाठी' केलं असावं. स्पर्धेची टेस्ट रचणाऱ्यांना ही वही बरोबर ठाऊक होती, असं माझं मत आहे. ती एकच संख्या त्यांनी उगाच निवडली नसणार.

विद्यार्थ्याचा बचाव असा होता की त्याने एक कोटीपर्यंतच्या सगळ्या संख्या चाळणीच्या पद्धतीशी ताडून पाहिल्या होत्या. ते खरंच होतं, आणि मेहनतीचं होतं. पण एक कोटीच काय, त्याने तीनशे एकवीस कोटींपर्यंत ताडून पाहिलं असतं तरी एकही चूक सापडली नसती.

ही संख्या आणखी एका अर्थाने अट्टल आहे. राबिनने दाखवलं की ९ च्या पुढची कुठलीही विषम संयुक्त संख्या जास्तीत जास्त चौथाई आधारांना फसवू शकते. बहुतेक संख्या त्या मर्यादेच्या जवळपासही फिरकत नाहीत. ही मर्यादा गाठते. तिच्याशी सामाईक अवयव नसलेले तिच्याहून लहान आकडे १५० × ७५० × २८३५० म्हणजे ३१८९३७५०००, आणि त्यांच्यापैकी बरोबर चौथा हिस्सा, ७९७३४३७५० आधार, तिच्या बाजूने खोटी साक्ष देतात. अगदी तिच्याहून लहान सगळ्या आकड्यांतून चिठ्ठ्या टाकून चार आधार निवडले तरी साधारण दोनशे चौसष्टांत एकदा ती निसटेल.

दुरुस्ती

पहिल्यांदा त्याने २११ पर्यंतच्या मूळ संख्यांनी सरळ भागून पाहण्याची पायरी वर घातली. टेस्ट पास झाली. मी अडवलं. तशी पायरी असावीच, स्वस्त आहे, बहुतेक संख्या तिथेच गळतात, पण आपली चूक ती नव्हती. ज्या फसव्या संख्येचे अवयव मोठे असतील ती या पायरीवरून सहज पुढे जाईल.

मग आधार बदलले. येशकेने १९९३ मध्ये दाखवलेलं आहे की ४७५९१२३१४१ च्या आत २, ७ आणि ६१ हे तीनच आधार पुरतात. ३२ बिटांचं सगळं मैदान त्यात येतं. म्हणजे चारांच्या जागी तीन, आणि तेही बिनचूक! त्याला हे पटायला वेळ लागला. साक्षीदार कमी करून खटला मजबूत होतो हे सिव्हिल लाइन्समधल्या खंडपीठात कुणी मान्य करणार नाही, असं तो म्हणाला. मी म्हटलं, दोन भाऊ मिळून एकच साक्षीदार होतो, तसे तुझे ६ आणि १० होते.

६४ बिटांसाठी २ पासून ३७ पर्यंतचे बारा मूळ आधार घेतले. ते ३१८६६५८५७८३४०३११५११६७४६१ च्या आत चुकत नाहीत, आणि ६४ बिटांची धाव त्याच्या कितीतरी अलीकडे संपते. शिवाय कानपूरच्या आयआयटीतल्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांची २००२ ची पद्धत आहे, जिच्यात साक्षीदारांचा प्रश्नच येत नाही आणि वेळही आवाक्यात राहतो. वर्गात ती मी अभिमानाने शिकवतो. कुंडलीत घालायला मात्र फार संथ पडते, म्हणून घातली नाही.

टिप्पणीची ओळ त्याने नव्याने लिहिली. आता प्रत्येक आधारांच्या यादीसमोर 'पर्यंत' नाही, 'च्या आत' असं लिहिलेलं आहे, आणि समोर पूर्ण आकडा.

सुधारलेल्या कुंडलीत या संख्येची पत्रिका अशी आली: संयुक्त, विषम, कुठलाही अवयव दोनदा नाही, तीन वेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार (अशांना स्फेनिक म्हणतात), कार्मायकल. विभाजक आठ: १, १५१, ७५१, २८३५१, ११३४०१, ४२८१००१, २१२९१६०१ आणि ती स्वतः. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज २५७१५२५७, म्हणजे संख्येच्या शेकडा एक टक्कासुद्धा नाही. न्यून संख्या, तीही चांगलीच न्यून. आकड्यांची बेरीज २८ आली, जी स्वतः परिपूर्ण संख्या आहे. याला काही अर्थ नाही, पण आबाजींनी ते पानावर लाल शाईने लिहिलं.

पुढच्या रविवारी पोह्यांवर तर्री ओतता ओतता आबाजींनीच विचारलं, "सर, अशी आणखी एखादी आहे का जी? अकरालेही फसवणारी?"

आहे. २, ३, ५, ७ आणि ११ या पाचही आधारांना फसवणारी सर्वांत लहान संख्या २१५२३०२८९८७४७. मी ती कागदावर लिहून दिली. तिचा सर्वांत लहान मूळ अवयव ६७६३ आहे, म्हणजे आठशेहून जास्त भागाकार. नातू म्हणतो, एका क्षणात सांगतो प्रोग्रामने. आबाजींनी त्याला लॅपटॉप उघडू दिलेला नाही. परवा फोन केला तेव्हा ते १३०७ वर होते आणि दुसरं कॅलेंडर शोधत होते.